निदानाच्या शोधांत

ताप येतो आणि जातो, वजन घटतें, मानेला गांठी येतात, चार पावलें चाललें कीं थकवा वाटतो. मनांत एड्‌सची शंका शिरते व मनुष्य गुपचूप रक्त तपासून घेतो. निकाल निगेटिव्ह येतो. दुखणें मात्र तसेंच राहतें! कारंज्यासारख्या गांवांत, जेथें प्रत्येक जण दुसऱ्यास ओळखतो, तेथें त्यानें बोलावें कोणापाशीं? मग तो कधीं अकोल्यास, कधीं अमरावतीस जातो आणि पुन्हां पुन्हां तीच तपासणी करवितो.

प्रथम त्या तपासणीचा अर्थ पाहूं. एच्. आय्. व्ही. हा विषाणु शरीरांत शिरतांक्षणींच तपासणींत दिसत नाहीं. प्रयोगशाळेंतील नवी तपासणी साधारण ४५ दिवसांनंतर आणि बोटाच्या रक्तावरील झटपट तपासणी ९० दिवसांनंतर भरंवशाची मानतात. संसर्ग टाळण्याचीं औषधें घेतलीं असतील तर ही मुदत डॉक्टरांस विचारावी. मुदत उलटून निकाल निगेटिव्ह आला आणि मध्यंतरीं नवा धोका घडला नाहीं, म्हणजे तो प्रश्न मिटला. तोच प्रश्न दहा वेळां विचारल्यानें उत्तर बदलत नाहीं.

इ. स. १९९२ सालीं आम्स्टरडॅमच्या एड्‌स परिषदेंत एक वार्ता पसरली. कांहीं रोग्यांच्या रक्तांतील संरक्षक पेशी घटल्या होत्या, पण एच्. आय्. व्ही. सांपडत नव्हता. नवा विषाणु आल्याची आवई उठली. कसून शोध झाला. पसरणारा कोणताहि जंतु आढळला नाहीं. ती स्थिति अत्यंत विरळा व निराळी ठरली.

मग दुखणें कशाचें? क्षय, रक्तक्षय, मधुमेह, गलग्रंथीचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, आणि आपल्या विदर्भांत सिकलसेलहि. अशीं कारणें अनेक आहेत. दीर्घ चिंतेनेंहि छाती धडधडते, झोंप उडते, पोट बिघडतें. तें सोंग नव्हे. त्यावरहि उपचार आहेत. परंतु शरीर नीट तपासल्यावांचून सारें चिंतेच्या माथीं मारूं नये. ‘तुम्हांला तो रोग नाहीं’ आणि ‘तुम्हांला कांहींच झालें नाहीं’ हीं दोन अगदीं निराळीं वाक्यें आहेत!

म्हणून एकच विश्वासू डॉक्टर धरावा. वहींत तारीखवार ताप, वजन व लक्षणें लिहावीं. जुने सर्व रिपोर्ट बरोबर न्यावे. घेतलेलें औषध किंवा मनांतील भीति लपवूं नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन उतरत चाललें किंवा थुंकींत रक्त दिसलें, तर दिवस दवडूं नये.

आणि घरच्या मंडळींस एक विनंति. असा मनुष्य घरांत असेल तर ‘शंका कां आली?’ असें त्यास खोदून विचारूं नका. ‘चल, मी बरोबर येतों’ एवढेंच म्हणा. निदानास वेळ लागला तरी तेवढ्या आधारावर तो तग धरील.