गुडघा आणि तोल



वडीलधाऱ्या माणसाचा गुडघा दुखूं लागला कीं घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक क्ष-किरणांचें चित्र, आणि दुसरी, "आपण आतां बसून राहा" हा प्रेमळ आग्रह. चित्र उपयोगी खरें, पण तें पुरेसें नाहीं; आणि आग्रह तर पुष्कळदां अपायच करतो.

क्ष-किरण चित्रावरून सांध्याची झीज ठरविण्याची शून्य ते चार अशी श्रेणी केल्ग्रेन व लॉरेन्स यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केली. ती आजही वापरांत आहे. परंतु चित्रांत बरीच झीज दिसणारा एखादा गृहस्थ जिना सहज चढतो, आणि किरकोळ झीज असलेल्या बाई उंबरठ्यापाशीं अडखळतात. चित्र हाडांचें असतें, चालण्याचें नसतें.

तोल सांभाळण्यासाठीं मेंदूला तीन ठिकाणांहून वार्ता येतात: डोळ्यांकडून, कानाच्या अंतर्भागाकडून, आणि स्नायू व सांधे यांच्याकडून. गुडघ्याच्या संधिवातांत ही तिसरी वार्ता मंदावूं शकते. शिवाय वापर कमी झाल्यानें मांडीचा पुढील स्नायू दुबळा होतो. दिवसा डोळे ही उणीव भरून काढतात. रात्रीं काळोखांत न्हाणीघराकडे जातांना तो आधार सुटतो.

ही उणीव मोजण्यास मोठीं यंत्रें नकोत. १९९१ सालीं वर्णिलेल्या एका कसोटीस हातांची खुर्ची व घड्याळ पुरतें. सूचना होतांच उठावें, नेहमीच्या चालीनें ३ मीटर, म्हणजे सुमारें १० फूट, चालावें, वळावें, आणि परत येऊन बसावें. नेहमीची काठी घेण्यास हरकत नाहीं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार वृद्धांस यासाठीं १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका समजावा. दुसरी कसोटी अशी: हात छातीशीं घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून पूर्ण उभें किती वेळां राहतां येतें, तें मोजावयाचें. संधिवाताच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१३ सालीं खुबा व गुडघा यांसाठीं ज्या पांच कसोट्या सुचविल्या, त्यांत या दोन्ही आहेत. उरलेल्या जलद चालण्याच्या, जिन्याच्या आणि सहा मिनिटांच्या चालीच्या. केवळ तोल पाहण्यासाठीं एक पाऊल दुसऱ्याच्या पुढें, टांच बोटांस लावून, १० सेकंद उभें राहावयास सांगतात.

या परीक्षा जाणत्याच्या देखरेखीखालीं, जवळ आधार ठेवून कराव्या. एकट्या आंकड्यावरून भविष्य वर्तवूं नये. उठतांना दोन्ही हातांचा जोर लागतो काय, वळतांना पावलें तुटक पडतात काय, हेंही पाहावें. कांहीं महिन्यांनीं तीच कसोटी पुन्हा घेतली कीं व्यायामाचा गुण आला कीं नाहीं तें कळतें. आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम या दुखण्यांत हितकारक ठरला आहे.

म्हणून घरांतील आजी उठूं लागल्या तर त्यांना पुन्हा बसवूं नये. जवळ उभें राहावें, त्या कशा उठतात तें नीट पाहावें, आणि डॉक्टरांकडे जातांना चित्राबरोबर हेंही सांगावें. बसून राहिल्यानें गुडघा वांचत नाहीं. चालण्याची शक्ति मात्र हळूहळू जाते.