काडतुसाची निवड



माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत राहतो. तेथील कायद्याप्रमाणें आत्मरक्षणासाठीं कपड्यांआड लहान पिस्तूल बाळगतां येतें. तसें एक त्यानें घेतलें आणि मला पत्रानें विचारलें, “गुरुजी, यांत काडतूस कोणतें घालावें?” गतीचे नियम मींच त्याला शिकविले होते, तेव्हां उत्तर देणें प्राप्त झालें.

काडतुसें मुख्यतः दोन जातींचीं. पहिल्या जातीची गोळी तांब्याच्या कवचानें मढविलेली असते. ती शरीर भेदून मागें उभ्या असलेल्या निरपराध्यास लागूं शकते. दुसऱ्या जातीच्या गोळीच्या टोकास पोकळी असते; आंत शिरतांच ती फुलासारखी उमलते आणि आपला वेग तेथेंच खर्चून बहुधा आंतच थांबते. पसरणाऱ्या गोळ्यांना कलकत्त्याजवळील डमडमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यावरून नांव पडलें, व १८९९ सालीं हेगच्या परिषदेनें त्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. जी गोळी रणांगणावर क्रूर ठरली, तीच अमेरिकेंतील शहरांचे पोलीस वापरतात. कारण गर्दींत ती मागच्या माणसाला वांचविते.

परंतु फार लवकर थांबणें हाही दोषच. ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी येथें मध्यवर्ती तपास खात्याच्या अंमलदाराची गोळी एका दरोडेखोराच्या दंडांतून छातींत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढत राहिला आणि दोन अंमलदार प्राणांस मुकले. त्यानंतर त्या खात्यानें दंडक घातला कीं, जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळी निदान १२ इंच जावी, १८ इंचांपलीकडे जाऊं नये.

लहान पिस्तुलाची नळी आंखूड, म्हणून गोळीचा वेग कमी. वेग कमी पडला कीं पोकळी नीट उमलत नाहीं. कधीं जाड कपड्याच्या चिंध्यांनींच ती बुजून जाते. म्हणून आंखूड नळींतून व कापडाआडून कसोटीस उतरलेलेंच काडतूस घ्यावें. स्वतःच्या पिस्तुलांतून तें पुष्कळदां झाडून, न अडखळतां चालतें कीं नाहीं हें पाहावें. आणि ज्याच्या धक्क्यानें हात विचलित होतो तें सोडून द्यावें.

इतकें सांगून मीं शेवटीं लिहिलें, “बाळ, नेम चुकलेली गोळी कोणत्याही जातीची असो, पातळ भिंत सहज भेदते. काडतूस विकत मिळतें. तें केव्हां झाडूं नये हा विवेक विकत मिळत नाहीं.”

महिन्याभरानें उत्तर आलें. काडतूस आणण्यापूर्वीं त्यानें घराचा नकाशा काढला होता, आणि कोणत्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचें कोणतें मूल निजतें हें त्यावर लिहून ठेवलें होतें. मास्तराला याहून अधिक काय हवें?