पडद्यावरचा राऊ आणि कागदांतला राऊ

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



१८ डिसेंबर २०१५ हा शुक्रवार पुणेकरांच्या स्मरणात असेल. ‘बाजीराव मस्तानी’ हा संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट त्या दिवशी प्रदर्शित झाला आणि ज्या नगरीत बाजीरावांनी शनिवारवाडा उभारला त्याच नगरीत त्याला विरोध झाला. कोथरूडमधील चित्रपटगृहासमोर निदर्शने झाली, तेथील खेळ रद्द करावे लागले. पेशव्यांच्या वंशजांनी प्रदर्शनापूर्वीच हरकत नोंदवली होती. मात्र देशात इतरत्र, आणि काही दिवसांनी खुद्द पुण्यातही, चित्रपटगृहे भरत राहिली. पुढे चित्रपटाला दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले.

म्हणजे प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया दोन झाल्या. एक संतापाची, दुसरी टाळ्यांची. वृत्तपत्रांनी या दोहोंचीच दखल घेतली. परंतु तिसरीही एक प्रतिक्रिया होती आणि ती कोणी छापली नाही. चित्रपट संपल्यावर घराकडे परतणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलगा विचारतो, “बाबा, बाजीराव खरंच असे नाचायचे का?” बाबा म्हणतात, “छे, छे! हे सगळं खोटं आहे.” मुलगा पुढचा प्रश्न विचारतो, “मग खरं काय होतं?” आणि येथे बहुसंख्य घरांत संभाषण संपते. या चित्रपटाविषयी जे काही बोलायचे ते या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू व्हायला हवे.

आक्षेप कशाला होता, ते प्रथम नीट पाहिले पाहिजे. सर्वांत मोठा आक्षेप ‘पिंगा’ या गीताला होता. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. माजघरात बायकाबायकांनी खेळायचा, घामाघूम होईपर्यंत घुमायचा, हसायचा. त्याचे रूपांतर रंगमंचीय नृत्यात झाले आणि त्यात काशीबाई व मस्तानी एकमेकींच्या हातात हात घालून नाचताना दिसल्या. काशीबाईंना पायाचे दुखणे होते असे अभ्यासक सांगत आले आहेत. त्या नाचत होत्या ही कल्पना म्हणूनच केवळ मर्यादेला नव्हे, वस्तुस्थितीलाही सोडून आहे. दुसरा आक्षेप ‘मल्हारी’ गीताचा. ज्या सेनापतीच्या छावणीत बाजारबुणगे आणि जड सामान नसावे असा दंडक होता, तो विजयानंतर सैनिकांसह झिंगून नाचतो, हे दृश्य अनेकांच्या पचनी पडले नाही. तिसरा आक्षेप वाड्याचा. शनिवारवाडा भव्य होता, पण त्याची भव्यता सागवानी खांबांची, चौकांची आणि कारंजांची होती. पडद्यावर दिसला तो आरसेमहाल पाहून ‘मुघल-ए-आझम’ची आठवण येत होती.

यावर चित्रपटाच्या बाजूने एक उत्तर ठरलेले असते. हा चित्रपट आहे, इतिहासाचे पाठ्यपुस्तक नाही. शिवाय प्रारंभी तशी सूचना दिलेली आहे आणि कथेचा आधार ना. सं. इनामदार यांची १९७२ सालची ‘राऊ’ ही कादंबरी आहे. या उत्तरात तथ्य नाही असे नव्हे. कल्पना हा कलावंताचा अधिकार आहे आणि मराठी रसिकाने तो नेहमीच मानला आहे. ‘राऊ’ वाचून कोणी मोर्चा काढला नाही. १९२५ साली, मूकपटांच्या जमान्यातही ‘बाजीराव मस्तानी’ याच नावाचा पट निघाला होता आणि त्याच्याशी भालजी पेंढारकरांचे नाव जोडलेले आहे. प्रेमकथेचे वावडे मराठी मनाला कधीच नव्हते.

परंतु प्रश्न उरतो. सगळेच काल्पनिक असेल तर नाव तरी खरे कशाला? एखादा काल्पनिक सेनापती, काल्पनिक राजधानी आणि काल्पनिक दोन राण्या घेऊन हीच कथा सांगता आली असती. तसे होत नाही, कारण ‘बाजीराव’ या नावामागे वीस वर्षांच्या मोहिमांचे भांडवल आहे. ते भांडवल दिग्दर्शकाने कमावलेले नाही, ते घोड्यावर बसून कोणी दुसऱ्याने कमावले आहे. त्या भांडवलावर व्यवहार करायचा आणि हिशेब मागितला की सूचनेच्या पाटीकडे बोट दाखवायचे, हे फारसे सचोटीचे नाही. सूचना काही सेकंद दिसते, दृश्ये पुढे अडीच तास डोळ्यांत उतरतात. गावोगावच्या शाळकरी मुलांच्या मनात बाजीरावाचा जो चेहरा आज आहे, तो त्या अडीच तासांनी दिलेला आहे.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. चित्रपटात पुण्याच्या सनातन्यांचा कडवटपणा दाखवला म्हणून काही जण रागावले. तो कडवटपणा दिग्दर्शकाच्या कल्पनेतून आलेला नाही. १७४० च्या प्रारंभी रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न पुण्यात व्हायचे होते, तेव्हा मस्तानीच्या संबंधामुळे बाजीरावांच्या उपस्थितीत धर्मकार्य करण्यास ब्रह्मवृंदाने नकार दर्शवला होता. बाजीराव त्या समारंभांना हजर राहिले नाहीत. मस्तानीला घरच्याच माणसांनी कैदेत ठेवले. ज्याच्या तलवारीमुळे पुण्यात निर्धास्तपणे मुंजी लागत होत्या, त्यालाच मुंजीत पाट नव्हता! हे लपवून ठेवून ‘आमच्या इतिहासाचा अपमान झाला’ असे म्हणता येणार नाही. तसेच मराठी सभांमधून आणि भिंतीवरच्या फलकांवरून बाजीरावांच्या अपराजित लढायांचा एक नेमका आकडा हटकून सांगितला जातो. त्या लढायांची नावे विचारली तर सांगणारा पाचसहांवर अडखळतो. इतिहासाशी सैलपणा एकट्या चित्रपटवाल्यांनीच केलेला नाही.

आता त्या मुलाचा दुसरा प्रश्न. खरे काय होते?

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. १७२० च्या एप्रिलमध्ये छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली, तेव्हा त्यांनी विशीही पूर्ण केलेली नव्हती. चित्रपटात ही निवड बाणाने मोराचे पीस भेदण्यावर होते. प्रत्यक्षात दरबारातील जुन्या, मातब्बर मंडळींचा विरोध असतानाही शाहू महाराजांनी या तरुणावर विश्वास टाकला. माणूस पारखणाऱ्या राजाची ती गोष्ट आहे आणि मोरपिसाहून ती अधिक नाट्यमय आहे.

पालखेड तर पडद्यावर आलेच नाही, आणि तेच यायला हवे होते. १७२७ च्या पावसाळ्यानंतर निजाम-उल-मुल्काशी युद्ध पेटले. निजामाजवळ उत्तम तोफखाना होता. त्याने थेट पुण्यावर चाल केली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना तेथे छत्रपती म्हणून पुढे केले. सामान्य सेनापती असता तर घर वाचवायला धावत आला असता. बाजीराव आले नाहीत. ते जालन्याकडे गेले, खानदेशात उतरले, गुजरातेत शिरले. बुऱ्हाणपुरावर जाण्याची हूल दिली आणि अखेर निजामाच्या औरंगाबादेला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, धोका निर्माण केला. पुणे सोडून निजामाला मागे फिरावे लागले. वेगाने हालता यावे म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या आणि हेच बाजीरावांना हवे होते. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाचे सैन्य चहूबाजूंनी कोंडले गेले. पाणी तुटले, रसद तुटली. मोठे रणकंदन न होताच निजामाला तहाला यावे लागले आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथ-सरदेशमुखीचा हक्क त्याला मान्य करावा लागला, संभाजीराजांची बाजू सोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी युद्धेतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला, तो याच चपळाईसाठी. चित्रपटातला बाजीराव निजामाला एकटा सामोरा जातो, चमकदार संवाद बोलतो आणि जिंकतो. खरा बाजीराव शत्रूला तहान लागेपर्यंत वाट पाहतो. दोहोंत थरार कशात जास्त आहे?

पुढच्याच वर्षी बुंदेलखंडात वृद्ध छत्रसालाच्या हाकेला धावून जाऊन महंमदखान बंगशाची कोंडी झाली. १७३७ च्या वसंतात बाजीराव मुघलांच्या फौजांना बगल देऊन दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले. त्याच वर्षाअखेर भोपाळला निजाम पुन्हा कोंडला गेला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठच्या रावेरखेडी येथे ज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस.

मस्तानीची कथाही चित्रपट जेथे संपवतो तेथे संपत नाही. तिच्या मृत्यूनंतर तिचा मुलगा कृष्णराव ऊर्फ समशेर बहादूर पोरका झाला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचा सांभाळ पेशव्यांच्या घरातच झाला आणि त्याला काशीबाईंनी पदराखाली घेतले असे परंपरा सांगते. ज्या दोन स्त्रियांना पडद्यावर एकत्र नाचवले, त्यांचे खरे नाते हे! सवतीचे पोर वाढवण्याचे. हा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, जबर जखमी झाला आणि सूरजमल जाटाच्या मुलखात त्याने प्राण सोडला. ज्याला मुंजीचा अधिकार नाकारला गेला तो स्वराज्यासाठी मरण पत्करताना मागे राहिला नाही. त्याचा पुत्र अली बहादूर याने बुंदेलखंडात बांद्याला सत्ता स्थापन केली. त्या घराण्यातील दुसरा अली बहादूर १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठला, झाशीच्या राणीच्या आणि तात्या टोपे यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यापायी आपले संस्थान गमावून बसला. राऊ आणि मस्तानी यांच्या वंशाचा असा शतकभराचा प्रवास चित्रपटकारांना दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. मराठी घरांतही तो क्वचितच सांगितला जातो, याचे दुःख अधिक.

दुखावलेला समाज काय करतो, याचे एक परदेशी उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. २००० साली ‘यू-५७१’ हा हॉलिवूडचा चित्रपट आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडीतून ‘एनिग्मा’ हे सांकेतिक यंत्र अमेरिकी नौसैनिक हस्तगत करतात, अशी त्याची कथा. वस्तुतः ९ मे १९४१ रोजी ब्रिटिश युद्धनौका ‘बुलडॉग’च्या खलाशांनी यू-११० या पाणबुडीतून ते यंत्र मिळवले होते. त्या दिवशी अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती! ब्रिटनमध्ये संताप उसळला. टॅमवर्थ या छोट्या नगराच्या प्रतिनिधीने संसदेत प्रश्न उपस्थित केला आणि हा ब्रिटिश नौसैनिकांचा अवमान असल्याचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी मान्य केले. चित्रपटाच्या लेखकाने पुढे २००६ साली खेदही व्यक्त केला.

टॅमवर्थलाच एवढे का लागावे? कारण कॉलिन ग्रेझियर हा खलाशी त्या नगरचा. ऑक्टोबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडत असलेल्या यू-५५९ या पाणबुडीत तो व लेफ्टनंट फॅसन शिरले, मोलाची सांकेतिक कागदपत्रे वर पोहोचवली आणि दोघेही पाणबुडीबरोबर बुडाले. गुप्ततेमुळे कित्येक दशके त्यांचे कर्तृत्व कोणाला ठाऊक नव्हते. स्थानिक वृत्तपत्राने स्मारकासाठी मोहीम चालवली, लोकांनी निधी जमवला आणि २००२ साली नगराच्या मध्यभागी नांगरांचे शिल्प उभे राहिले. आज तो चित्रपट किती जणांना आठवत असेल कोण जाणे; नांगर जागेवर आहेत.

भारतात याच्या उलट दृश्य २०१७-१८ मध्ये ‘पद्मावत’च्या वेळी दिसले. चित्रपट कोणी पाहिलेला नसताना चित्रीकरणाच्या जागांची मोडतोड झाली, कोल्हापूरजवळ उभारलेले नेपथ्य जाळले गेले आणि गुरुग्राममध्ये शाळकरी मुलांच्या बसवर दगड पडले. राणी पद्मिनीच्या सन्मानासाठी मुलांना बाकांखाली लपावे लागावे, हे कोणत्या क्षात्रधर्मात बसते? त्या दगडांनी चित्तोडविषयी एक ओळही अधिक कोणाला शिकवली नाही. चित्रपटाची जाहिरात मात्र झाली.

पुण्यात निदर्शने करणाऱ्यांचा राग खोटा नव्हता. तो राग पुढे कुठे गेला, हे विचारणे अगत्याचे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. त्यापूर्वी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुने दप्तर मिळवत होते, आणि १९१० साली त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. या कागदांचा फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. मोडी सहज वाचू शकणारी माणसे आज विरळ झाली आहेत. चित्रपटगृहासमोर उभे राहिलेल्या तरुणांपैकी दहा जण जरी मोडीच्या वर्गात जाऊन बसले असते, तरी दहा वर्षांत एखादा खंड तयार झाला असता. रावेरखेडीची समाधी महेश्वर धरणाच्या पाण्याखाली जाईल की काय, ही भीती वर्षानुवर्षे व्यक्त होत होती. तेव्हा रस्त्यावर उतरलेले मराठी लोक मूठभर होते. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. उद्याचे सेनाधिकारी त्या पुतळ्यासमोरून जातील, ही समाधानाची गोष्ट आहे. पालखेडला मात्र त्या रणभूमीची ओळख करून घ्यायला पुण्याहून किती सहली जातात?

पुण्यातील कुटुंबांना तर फार लांब जाण्याचेही कारण नाही. राजगुरुनगरजवळ चास हे काशीबाईंचे माहेर. पतिनिधनानंतर त्यांनी तेथे भीमेच्या काठी सोमेश्वराचे देऊळ बांधले. ते आजही उभे आहे, दीपमाळेसह. तेथून पाबळ जवळच आहे, आणि पाबळला मस्तानीची कबर आहे. सकाळी निघाले तर दोन्ही स्थळे पाहून संध्याकाळी घरी परतता येते. मुलांचे प्रश्न वाटेत पुष्कळ येतील.