शिपायाच्या मातीचा खर्च

1908 सालचा डिसेंबर महिना. कॅनडातल्या मॉन्ट्रिअल शहरात पोलिसांनी रस्त्यावर पडलेल्या एका माणसाला जनरल हॉस्पिटलात आणून सोडलं. पोलिसांच्या मते तो दारू ढोसून पडला होता. प्रत्यक्षात थंडीनं त्याचं अंग गारठलं होतं आणि उपासमारीनं तो खंगला होता. तिथले ऑर्डर्ली आर्थर हेअर यांना त्याच्याजवळ एक निळा लिफाफा सापडला. हेअर स्वतः बोअर युद्धात लढून आलेले. असला लिफाफा त्यांनी लगेच ओळखला. आत ब्रिटिश युद्धखात्याचा दाखला होता : ट्रूपर जेम्स डेली, वीस वर्षांहून अधिक नोकरी, सन्मानानं निवृत्त.

डेली वाचला नाही. वय 53. प्रेत न्यायला कुणी आलं नाही, आणि बेवारस प्रेतं तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर जायची. हेअर यांनी सहकाऱ्यांकडून, मित्रांकडून वर्गणी गोळा केली आणि डेलीला रीतसर माती दिली.

पुढच्याच वर्षी त्यांनी ‘लास्ट पोस्ट फंड’ उभा केला. सैनिकाच्या अंत्यविधीला बिगुलावर जी धून वाजते, तिचंच हे नाव. सरकारी तिजोरी मात्र उघडली ती पहिलं महायुद्ध होऊन गेल्यावर, 1920 च्या दशकात. 1930 मध्ये मॉन्ट्रिअलजवळ पॉइंट-क्लेअरला फंडाची स्वतःची दफनभूमी झाली. तिथे हुद्दा विचारत नाहीत.

कचेरीत मात्र बरंच काही विचारतात. सरकारी पैशामागोमाग फॉर्म येतोच! मयताची आणि त्याच्या जोडीदाराची मालमत्ता किती, हे आधी पाहिलं जातं. घर आणि गाडी त्यातून वगळतात. पण बाकीच्या पुंजीची सूट बरीच वर्षं जेमतेम 12 हजार डॉलरच होती. म्हणजे विधवेनं म्हातारपणासाठी चार पैसे राखले, की मदतीला कात्री. 2016 मध्ये ही सूट 35 हजारांच्या वर नेली. अंत्यविधीच्या खर्चाची कमाल रक्कमही 2013 पर्यंत 3,600 डॉलर होती, तेव्हा ती 7,376 झाली. इतकी वाढ एका दमात करावी लागते, याचा अर्थ आधीची रक्कम किती तोकडी होती ते दिसतंच.

शिवाय शिपाई कुणाला म्हणायचं, हाही प्रश्न होताच. महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध लढलेले आत. त्यानंतर भरती झालेले बहुतेक बाहेर. त्यांच्यातल्या गरिबांना 2014 पासून दार उघडलं.

जुन्या, खुणेविना राहिलेल्या कबरींवर दगड बसवण्याचं काम फंडानं 1996 मध्ये हाती घेतलं. 2019 पासून कॅनडातल्या आदिवासी सैनिकांच्या कबरी खास शोधल्या जातात आणि कुटुंबानं सांगितल्यास दगडावर त्यांचं पारंपरिक नावही कोरतात. अट एकच : मृत्यूला पाच वर्षं उलटलेली हवीत.