रोखठोक साहेब
एप्रिल २०१३ मध्ये जपानच्या ओसाका प्रांतात तोरू नाकाहारा शिक्षणप्रमुख झाले. मूळचे वकील, मग शाळेचे मुख्याध्यापक. २०१२ च्या निरोप समारंभात शिक्षक राष्ट्रगीत खरंच गातात का, हे त्यांनी ओठ बघून तपासायला लावलं होतं. कुणाला ती शिस्त वाटली, कुणाला पाळत. पुढे शिक्षण मंडळाच्या सदस्येनेच तक्रार केली. चौकशी समितीने ‘पावाहारा’, म्हणजे अधिकाराच्या जोरावर केलेला छळ, झाल्याचं म्हटलं. मार्च २०१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आमच्या आयटीतही रोखठोक साहेबाचं कौतुक होतं. पण उलट बोलायची मुभा नसेल, तर मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि चूक थेट ग्राहकापर्यंत जाते. शाळेत ती मुलांपर्यंत जाते. म्हणून साहेब किती स्पष्ट बोलतो यापेक्षा त्याच्याशी किती स्पष्ट बोलता येतं, ते बघा.