पदवीधरांची दहा आसने

(मंडळाच्या एन्नोर येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज या खाडीकाठी जमलेल्या आपणांपैकी कित्येकांच्या घरी मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचे पदवीपत्र भिंतीवर टांगलेले असेल. माझ्याही घरी बी. ए.चे एक आहे. पदवी मिळाली की विद्यापीठाशी आपला संबंध संपला, अशी माझी तीस वर्षे समजूत होती. ती चुकीची होती.

मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे कलकत्त्याच्या जोडीने 1857 साली जन्मली. आरंभी त्यांचे फेलो सरकार नेमीत असे, आणि तेही तहहयात. 1904 च्या कायद्याने सरकारची पकड घट्ट केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात त्यास कडाडून विरोध केला. तथापि त्याच कायद्याने या तीन विद्यापीठांत दहा निर्वाचित फेलोंची तरतूद नोंदणीकृत पदवीधरांसाठी केली. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही पदवीधरांच्या जागा दहाच आहेत, हा योगायोग मला मौजेचा वाटतो. त्यांतील पाच खुल्या. उरलेल्या पाचांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. या दहांतूनच दोघे पुढे व्यवस्थापन परिषदेवर जातात.

मतदान पसंतीक्रमाने होते. खुल्या पाच जागांसाठी 6,000 वैध मते पडली, असे समजू. त्यांना सहाने भागून एक मिळवावा. 1,001 मतांचा कोटा ठरतो. कोट्याहून अधिक पडलेली मते दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. (आमच्या कार्यालयातील बढतीच्या नियमांपेक्षा हे सोपे आहे!)

अधिसभेला क्षुल्लक समजू नये. 1862 च्या पहिल्या चार बी. ए. पदवीधरांपैकी न्यायमूर्ती रानडे हे मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत झगडले, ते विद्यापीठाचे फेलो म्हणूनच.

आणि आपण? मुंबईची निवडणूक 2023 मध्ये स्थगित झाली, पुढल्या वर्षी पुन्हा थांबविली गेली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 24 सप्टेंबर 2024 रोजी पार पडली. लाखो पदवीधरांच्या विद्यापीठात मतदार होते अवघे सुमारे 13 हजार. पदवीधर झाल्याने नाव आपोआप यादीत चढत नाही. अर्ज करावा लागतो. मराठीचे पुढे काय होणार, म्हणून मी एका संध्याकाळी घरी हळहळत होतो, तेव्हा माझ्या मुलीने विचारले, "बाबा, त्या यादीत तुमचं नाव आहे का?" मला उत्तर देता आले नाही.

एका मतासाठी चेन्नईहून मुंबईस जाणे म्हणजे एक रात्र गाडीत, आणि परतीची दुसरी. हे प्रत्येकाला जमणार नाही, हे मी जाणतो. दूरस्थ पदवीधरांना टपालाने मत देता यावे, अशी मागणी मंडळाने लेखी करावी, ही माझी सूचना आहे. परंतु ज्यांचे नावच यादीत नाही त्यांनी ती कोणत्या तोंडाने करावी? म्हणून आधी अर्ज. त्यास पदवीपत्राची प्रत लागते. माझी चौकट मी परवाच भिंतीवरून उतरविली आहे.