वाळवंटाचे ऋतू



वैशाखातल्या उकाड्यात श्रोत्यांपुढे वाळवंटाविषयी बोलायला उभे राहणे, यात औचित्य थोडे आणि धाडस फार आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे, भाचे, शेजारी नोकरीनिमित्त ओमान देशात आहेत. 'एकदा येऊन जा' असा त्यांचा आग्रह असतो, आणि आपण लागलीच विचारतो, 'तिथे पाहायचे काय?' माझे म्हणणे असे की, पहिला प्रश्न 'काय पाहायचे' हा नव्हे. 'केव्हा जायचे' हा होय.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते, उंट येतो. ऋतू येत नाहीत. ही पहिली चूक.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रवासाचा उत्तम काळ. मस्कतची हवा तेव्हा आपल्या कार्तिक-मार्गशीर्षासारखी सुखद असते. परंतु शर्कियाच्या वाळूत रात्री मुक्काम करणारा मनुष्य नुसत्या सुती सदऱ्यावर गेला, तर पहाटे कुडकुडत बसतो. जेबेल शम्स हा पर्वत सुमारे ३००० मीटर उंच; तिथे हिवाळ्यात पाणी गोठते. तेव्हा वाळवंटात जाताना शाल आणि स्वेटर न्यायला विसरू नका!

मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत जेबेल अख्दरच्या पठारावर गुलाब फुलतात आणि घरोघर गुलाबपाणी काढतात. या घाटात मात्र चारही चाकांना गती मिळणारीच गाडी लागते. पायथ्याच्या नाक्यावर पोलीस तशी तपासणी करतात.

मेपासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावर जाणे शक्य तो टाळावे. २६ जून २०१८ रोजी कुरय्यात या गावी दिवसरात्रीत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास तिथे कायद्यानेच बंदी आहे. सवयीच्या मजुराला जिथे सावली देतात, तिथे पाहुण्याने शौर्य कशाला गाजवावे? जाणे भागच असेल तर फिरणे पहाटे उरकावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

परंतु त्याच दिवसांत दक्षिणेस, मस्कतपासून सुमारे १००० किलोमीटरवर, सलालाचे डोंगर हिरवेगार असतात. आपल्या कोकणात येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा त्या डोंगरांनाही शिवतो. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धुके आणि भुरभुर पाऊस. या ऋतूला ते 'खरीफ' म्हणतात. आपल्या खरीप पिकाचे नाव याच अरबी शब्दापासून आले आहे! आपण ज्या पावसाला कंटाळून छत्री झाडतो, तो पाहण्यासाठी अरब कुटुंबे दूरदूरहून येतात. मात्र समुद्र त्या वेळी खवळलेला असतो; पोहण्यास उतरू नये. आणि धुक्यात गाडी सावकाश हाकावी.

रमजान हाही एक ऋतूच समजा. तो दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणेपिणे निषिद्ध आहे. तारखा आधी पाहून ठेवाव्यात.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. ओमानात कोरड्या नदीपात्राला 'वादी' म्हणतात. एका दुपारी अशाच एका वादीत बसून जेवावे असे आम्हांला वाटले. आकाश निरभ्र होते, पण दूर डोंगरावर ढग दिसत होते. आमच्या वृद्ध वाहनचालकाने गाडी खाली नेण्यास साफ नकार दिला. आम्ही मनातून रागावलो. तासाभराने त्याच पात्रातून गढूळ पाण्याचा लोंढा झाडेझुडपे घेऊन गेला, आणि आमचा राग त्याच्याबरोबर गेला. उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही. ते सरळ खाली धावते. एप्रिल २०२४ मध्ये अशा पुरात शाळकरी मुलांसह अनेक माणसे दगावली. म्हणून डोंगरावर ढग दिसले तर वादीत उतरू नका, आणि वाहते पाणी गाडीने ओलांडू नका. तिथे तो कायद्याने गुन्हाही आहे.

वाळवंटात मनुष्य तहानेने मरतो हे आपण सारेच जाणतो. तो पाण्यानेही मरतो, हे जाणून जो जातो तोच शहाणा प्रवासी. नकाशा खिशात असू द्या, पण त्याआधी पंचांग पाहा, आणि तिथल्या माणसाने 'नको' म्हटले तर ऐका.